प्रोटीन पावडर : घ्यायची का, किती, आणि डबा तपासायचा कसा?

या महिन्यात प्रोटीन पावडरबद्दल इतकी पत्रं आली की सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत. आहार आणि क्रीडावैद्यक या दोन्ही बाजूंनी विचार करून उत्तरं दिली आहेत. पण ज्यांना आधीपासून एखादा आजार आहे, त्यांनी हे वाचून परस्पर डबा सुरू करू नये किंवा बंदही करू नये. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

प्रश्न : मी २२ वर्षांचा आहे, वजन ६२ किलो. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावणं, संध्याकाळी गोळाफेक आणि जोर-बैठका. अकॅडमीतले सर म्हणतात, पावडरशिवाय अंग धरणार नाही. १ किलोचा डबा अडीच हजाराला आहे. मी शाकाहारी. सकाळी पोहे, दोन्ही वेळा दोन-दोन भाकरी, भाजी, वाटीभर वरण, भात आणि रात्री पेलाभर दूध. डबा घेऊ का?
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आधी ताट मोजू या. व्यायाम न करणाऱ्या प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं प्रमाण आहे. म्हणजे तुमच्या वजनाला ५१ ग्रॅम. तुम्ही धावता आणि ताकदीचा व्यायामही करता, त्यामुळे तुमचा हिशेब किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम धरायचा, म्हणजे दिवसाला ८७ ते ९९ ग्रॅम.

आता तुम्ही लिहिलेलं जेवण. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात. ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली तर चार भाकरींचे २४ ग्रॅम झाले. दोन वाट्या वरणात मिळून ५५-६० ग्रॅम कोरडी तूरडाळ असेल, तर त्याचे १२. दोन वेळच्या भाताचे ८, पोह्यांचे ४, पेलाभर दुधाचे ६ आणि भाजीचे फार तर ४. बेरीज ५८. वरण पातळ असेल तर त्याहून कमी, कारण पातळ वरणाच्या वाटीत डाळ दोन चमचेही नसते. हा मुद्दा लहान दिसतो, पण घरोघरी प्रथिनं कमी पडतात ती इथेच.

तेव्हा तूट आहे साधारण ३० ते ४० ग्रॅमची. ती अशी भरता येते : सोयाबीन वडी कोरडी ३० ग्रॅम (१५ ग्रॅम प्रथिनं), फुटाणे ५० ग्रॅम (१० ग्रॅम) आणि शेंगदाणे ३० ग्रॅम (७ ग्रॅम). एकूण ३२. तालुक्याच्या बाजारभावाने हे सगळं दिवसाला २० रुपयांच्या आसपास बसतं. तेच ३२ ग्रॅम डब्यातून घ्यायचे तर ७५ टक्के प्रथिनं असलेली ४३ ग्रॅम पावडर रोज लागेल. म्हणजे दिवसाला शंभराच्या वर खर्च, आणि डबा २३ दिवसांत संपणार. तुमच्या परिस्थितीत आम्ही डबा घ्या म्हणणार नाही.

वडीला वास येतो, गॅस होतो म्हणून पुष्कळ मुलं ती सोडून देतात. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ती ५ ते ७ मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, गार पाण्यात दोनदा धुऊन पुन्हा पिळा आणि मगच रश्शात टाका. उग्रपणा त्या पिळून काढलेल्या पाण्याबरोबर जातो. पहिला आठवडा १५ ग्रॅमच घ्या. फुटाणे-शेंगदाणे धावण्याच्या आधी खाऊ नका. त्यातला चोथा आणि तेल पोटात रेंगाळतं आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला कुशीत कळ येते. धावून आल्यावर किंवा दुपारी चारला खा. भाकरी आणि डाळ एकाच जेवणात असू द्या. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांपैकी एक) कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत कमी असणारं मेथिओनिन धान्य पुरवतं.

आणखी एक सांगायलाच हवं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटरचे आहेत, आणि पावडरने ती वेळ कमी होत नाही. दम, टप्प्याटप्प्याने वाढवलेलं धावणं, पोटभर भाकरी-भात आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांवर ती ठरते. अडीच हजारातले काही पैसे हिमोग्लोबिन तपासणीला आणि उरलेले चांगल्या बुटांना लावा. सरांनी स्वतः डबे विकायला ठेवले असतील, तर त्यांचा सल्ला आणि त्यांचा व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : माझं वय ४२. आठवड्यातून चार दिवस वजनं उचलते, रविवारी डोंगरावर जाते. रोज व्हे प्रोटीनचा (दुधापासून बनणाऱ्या पावडरीचा) एक स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा चमचा, घेते. सासूबाई म्हणतात, किडनी खराब होईल. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही पावडर टाळा म्हटल्याचं वाचलं. आता बंद करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळावीत असं म्हटलं आहे. जास्त प्रथिनं, विशेषतः पावडरीतून, दीर्घकाळ घेतली तर हाडांतली खनिजं घटण्याचा आणि किडनीला इजा होण्याचा धोका त्यांनी सांगितला आहे. पावडरीतली वरून घातलेली साखर, गोडी आणणारी रसायनं आणि कृत्रिम स्वाद यांचाही उल्लेख आहे. किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर स्नायूंना जास्तीचा फायदा होत नाही, हेही तिथेच सांगितलं आहे. तो आकडा तुमच्या कामाचा आहे.

आमचं मत थोडं सविस्तर सांगतो. किडनी निरोगी असलेल्या, व्यायाम करणाऱ्या प्रौढांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत किलोमागे २ ग्रॅमपर्यंत प्रथिनं घेऊनही किडनीचं काम घटलेलं दिसलं नाही. धोका आहे तो किडनी आधीच कमकुवत असलेल्यांना, आणि अशा पुष्कळ जणांना आपला आजार माहीतच नसतो. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब इतके पसरलेले आहेत की सरसकट सगळ्यांना "घ्या" असं सांगणारी सरकारी सूचना बेजबाबदार ठरली असती.

म्हणून अंदाजाने न ठरवता तपासणी करा. रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा), लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर, रक्तदाब आणि साखर. लघवीचं गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली आणि ईजीएफआर ९० च्या वर असेल, तर एका स्कूपची भीती नको. गुणोत्तर ३० च्या वर असेल, किंवा ईजीएफआर ६० च्या खाली येऊन तीन महिने तसाच राहिला, तर पावडर बंद करून किडनीतज्ज्ञांना भेटा. तिथे प्रथिनं किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी ठेवावी लागतात. घरात कुणाला किडनीचा आजार असेल किंवा मुतखडे होऊन गेले असतील, तर ही तपासणी पावडर सुरू करण्याआधीच करायची.

तपासणीतही एक गोंधळ होतो. ज्यांचे स्नायू भरलेले आहेत, जे क्रिएटिन (ताकदीसाठी घेतलं जाणारं सप्लिमेंट) घेतात किंवा ज्यांनी आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं आहे, त्यांचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असूनही वाढलेलं दिसतं. रक्त देण्याआधी दोन दिवस जड व्यायाम टाळा, आदल्या रात्री साधं जेवा आणि क्रिएटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. तरीही शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करून घ्या. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही.

प्रश्न : मी जिमसाठी ऑनलाइन डबा मागवतो. "२५ ग्रॅम प्रोटीन" लिहिलेलं खरं कशावरून? बनावट माल आणि भेसळ घरी ओळखता येते का? माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, तिकडचा डबा जास्त खात्रीचा समजायचा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. २०२४ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून एका वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. जवळजवळ ७० टक्के पावडरींवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा होता. काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिनं होती. सुमारे १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून होणारं अफ्लाटॉक्सिन, तर ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश मिळाले.

आकडा फुगतो कसा, ते आधी समजून घ्या. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा प्रथिनं थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. आता कुणी पावडरीत ५ ग्रॅम ग्लायसिन हे अमिनो आम्ल मिसळलं, तर त्यातल्या १८.७ टक्के नायट्रोजनमुळे अहवालात ५.८ ग्रॅम "प्रथिनं" वाढतात. ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट मिसळलं तर जवळजवळ ९ ग्रॅम. ग्लायसिन स्वस्त असतं, चवीला गोड असतं, पण एकट्या ग्लायसिनने स्नायू बांधला जात नाही. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळलं गेलं, त्यामागेही नायट्रोजनचा हाच हिशेब होता.

डबा हातात आला की मागची बाजू वाचा. पहिली गोष्ट, स्कूपचं वजन आणि त्यातली प्रथिनं. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम म्हणजे ८० टक्के, चांगल्या कॉन्सन्ट्रेटला, म्हणजे साध्या, कमी शुद्ध केलेल्या व्हेला साजेसं. ४६ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम असतील, तर जवळपास निम्मा डबा दुसऱ्याच कशाचा आहे. मग घटकांची यादी बघा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. "व्हे" छापलेल्या डब्यावर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनणारी भुकटी) किंवा सोया असेल, तर तो ठेवून द्या. यादीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन वेगळं लिहिलेलं असेल आणि त्यांचं प्रमाण दिलेलं नसेल, तरीही ठेवून द्या.

सगळ्यात उपयोगी असतो अमिनो आम्लांचा तक्ता. व्हेच्या प्रथिनांत ल्यूसिन साधारण १० ते ११ टक्के असतं, म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनांत अडीच ग्रॅमच्या आसपास. तक्त्यात ते २ ग्रॅमच्या खाली असेल तर हिशेब जुळत नाही. तेवढ्याच प्रथिनांत ग्लायसिन अर्धा ग्रॅम असायला हवं. ते एक-दीड ग्रॅम दिसलं, तर वरून घातलेलं आहे असं समजा. तक्ताच दिलेला नसेल तर कंपनीकडे त्या बॅचचा अहवाल मागा. चांगले उत्पादक तो देतात.

बनावट डब्यांसाठी : एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघा. कंपनीचं नाव आणि पत्ता डब्याशी जुळला पाहिजे. आयात मालावर इथल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असलेली चिकटपट्टी लागते. ती नसेल तर माल चोरवाटेने आलेला आहे आणि तक्रार कुणाविरुद्ध करायची हेही कळणार नाही. झाकणाखालचं सील, बॅच क्रमांक, तारखा बघा आणि बिल जपून ठेवा. डबा संपला की लेबल फाडून, डबा फोडून टाका. रिकामे अस्सल डबे भंगारातून विकत घेऊन त्यांत दुसरी पावडर भरतात.

घरी एक चाचणी होते. साध्या व्हेचा अर्धा चमचा पाण्यात कालवून त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर पीठ किंवा स्टार्च मिसळलेला आहे. रंग आला नाही म्हणून माल शुद्ध ठरत नाही, कारण माल्टोडेक्स्ट्रिन आणि ग्लायसिन यात सापडत नाहीत. मटारच्या प्रथिनांना ही चाचणी लावू नका, त्यांत स्टार्च मुळातच असू शकतो. उकळत्या पाण्यात टाकून गुठळ्या होतात का ते बघा, असे व्हिडिओ फिरतात. गुठळ्या झाल्या म्हणजे उष्णतेने गोठणारं प्रथिन त्यात आहे, एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही.

आणि न्यू जर्सीचा डबा? अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी सरकारी मंजुरी लागत नाही. त्यामुळे "अमेरिकेहून आणलंय" यात खात्री नाही. खात्री असलीच तर ती बाहेरच्या संस्थेने तपासल्याच्या शिक्क्यात, उदाहरणार्थ "एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट" किंवा "इन्फॉर्म्ड स्पोर्ट". भावाला तो शिक्का बघून घ्यायला सांगा. इथे फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

प्रश्न : व्हे घेतल्यापासून पोट फुगतं, गॅस होतो. पावसाळ्यात डब्यात गुठळ्या झाल्या आहेत. गरम दुधात टाकली की फाटल्यासारखी होते. वापरू की टाकून देऊ?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पोट फुगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. कॉन्सन्ट्रेटमध्ये ती उरलेली असते आणि तुम्ही पावडर दुधातच घेत असाल तर ती आणखी वाढते. आठवडाभर पाण्यात, अर्धाच स्कूप घेऊन बघा. त्रास थांबला तर मात्रा हळूहळू वाढवा. थांबला नाही तर आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेलं व्हे घ्या, त्यात लॅक्टोज १ टक्क्याहूनही कमी असतं. ताक पचतं पण दूध पचत नाही, अशी तुमची तक्रार आधीपासून असेल, तर कारण जवळजवळ नक्की हेच. लेबलवर सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारख्या गोडी आणणाऱ्या वस्तू असतील तर त्यांनीही गॅस होतो. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं ही मात्र दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तसं झालं तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा. आयसोलेटने ती टळत नाही.

गरम दुधात पावडर फाटते, कारण साधारण ७० अंशांच्या वर व्हेची प्रथिनं गोठतात. त्यांचं पोषण कमी होत नाही, फक्त घोट रवाळ लागतो. आधी गार पाण्यात कालवा आणि मग कोमट दूध ओता. शेकरमध्ये नेहमी आधी पाणी, नंतर पावडर. उलट केलं की तळाशी लगदा चिकटतो.

पावसाळ्यातल्या गुठळ्या बोटांत दाबून बघा. कोरड्या असतील, सहज भुगा होत असेल आणि वास बदललेला नसेल, तर वापरायला हरकत नाही. ओलसर असतील, आंबूस किंवा कुबट वास येत असेल, हिरवट-काळे ठिपके दिसत असतील, तर अख्खा डबा टाका. वरचा थर काढून खालची वापरणं धोक्याचं आहे, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. कोकणात २ किलोचा डबा घेऊच नका, अर्ध्या किलोचा घ्या. ओला चमचा आत घालू नका, आतली सिलिका पुडी काढू नका आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका. गार डबा बाहेर उघडला की दमट हवेचं पाणी होऊन पावडरीवर बसतं. कालवलेलं पेय दोन तासांच्या आत संपवा.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, वजन ५२ किलो. क्रिकेट खेळतो, नुकताच जिमला जायला लागला. "मास गेनर" (वजन वाढवायची पावडर) हवा म्हणून हट्ट धरून बसलाय.
— एक आई, ठाणे

उत्तर : घेऊ नका. १६ ते १८ वयाच्या मुलाला रोज ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या मुलाच्या खेळाचा विचार करून ६५ ते ७५ धरा, आणि ती घरच्या जेवणात बसतात. मास गेनरमध्ये बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन असतं. वजन वाढतं, पण त्यात चरबीच जास्त. ३०० मिली दूध, दोन केळी आणि ३० ग्रॅम शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की दिली, तर १८-२० ग्रॅम प्रथिनं आणि ५५० च्या आसपास कॅलरी मिळतात. क्लासवरून आल्यावर हे द्या. अंडी चालत असतील तर सकाळी दोन अंडी द्या, त्यांचे १२ ग्रॅम वेगळे. या वयात काही मुलांना व्हेने चेहऱ्यावरचे मुरूमही वाढतात.

त्याच्याशी बोलताना पावडरीवर अडून बसू नका, जिममध्ये आणखी काय विकलं जातं ते विचारा. बिनलेबलच्या गोळ्या, "कटिंग"ची (चरबी उतरवण्याची) कॅप्सूल, इंजेक्शन यांतलं काहीही कुणी देऊ केलं असेल, तर ती जिम त्याच दिवशी बंद करा. वाढत्या वयात स्टेरॉइड गेलं की हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते, आणि ती पुन्हा सुरू होत नाही.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, वजन ५८ किलो. रोज पाऊण तास चालते, तरी पाय बारीक होत चाललेत. जेवण कमी झालंय. तिला थायरॉइडची गोळी आहे. पावडर देऊ का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जिममधल्या धडधाकट तरुणापेक्षा तुमच्या आईला पावडरीचा उपयोग जास्त होण्यासारखा आहे, हे आधी सांगतो. साठी-पासष्टीनंतर तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधले जातात, म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम लागतात. त्याच वयात भूक मंदावते आणि चहा-खारी, भात-आमटीवर दिवस निघतो. किडनीची तपासणी आणि साखर ठीक असेल, तर सकाळी अर्धा ते एक स्कूप साधी, बिनसाखरेची पावडर देता येईल. त्याहून स्वस्त पर्याय म्हणजे साय काढलेल्या दुधाची भुकटी. २५ ग्रॅम भुकटीत जवळजवळ ९ ग्रॅम प्रथिनं असतात. नाचणीच्या आंबिलीत, खिरीत किंवा पिठल्यात ती कळतही नाही. मात्र साखर असेल तर भुकटीतलं लॅक्टोज हिशेबात धरा.

थायरॉइडची गोळी नेहमीसारखी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. तिच्यानंतर किमान तासभर काही नको. पावडरीत सोया किंवा कॅल्शियम असेल तर चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) विनाकारण वर जातं. ज्यांना कंपवातासाठी लेव्होडोपा चालू आहे, त्यांनी पावडरीची वेळ डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. प्रथिनं त्या औषधाच्या शोषणात आड येतात.

नुसत्या चालण्याने मांड्या भरणार नाहीत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, ८ वेळा, दिवसातून दोनदा. आठवडाभराने १० वेळा. याच्या जोडीने दिलेली प्रथिनं कामी येतात.

प्रश्न : कोल्हापूरला तालमीत सराव करतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे. वस्ताद म्हणतात, खुराक पुरे : दूध, बदाम, थंडाई, तूप. सोबतचे पैलवान व्हे घेतात. डोपिंगमध्ये अडकण्याची भीती वाटते.

उत्तर : प्रथिनं, मग ती व्हेची असोत की सोयाची, बंदी असलेल्या यादीत नाहीत. अडकवते ती भेसळ. २००० ते २००१ या काळात १३ देशांतून घेतलेली ६३४ सप्लिमेंट तपासली, तेव्हा त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडसदृश द्रव्यं सापडली. हा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डोपिंगच्या नियमात हेतू नंतर विचारतात. शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, "डब्यात होतं, मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे घ्यायचंच असेल तर प्रत्येक बॅच बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासलेला डबाच घ्या आणि तो बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे का, ते स्वतः बघा. बिल आणि थोडी पावडर डब्यासकट राखून ठेवा. नमुना देताना भराव्या लागणाऱ्या अर्जावर मागच्या सात दिवसांत घेतलेल्या सगळ्या वस्तू लिहा. व्यायामाआधी घ्यायच्या "प्री-वर्कआउट" पावडरी, वजन उतरवण्याच्या गोळ्या आणि "टेस्टो बूस्टर" यांना हातही लावू नका. सगळ्यात जास्त घोटाळे त्यांत आहेत.

वस्तादांचा खुराक मोजला तर अर्ध्या लिटर दुधाचे १६ ग्रॅम आणि २० ग्रॅम बदामांचे ४. म्हणजे एका पेल्यात २० ग्रॅम, जे एका स्कूपच्या बरोबरीचं आहे. तुपाने प्रथिनं वाढत नाहीत, पण दिवसाला दोन वेळ मेहनत करणाऱ्याला तेवढी ऊर्जा लागते. ७४ किलोच्या पैलवानाला १२० ग्रॅम प्रथिनं पुरतात. खुराक आणि जेवणात ती होत असतील, तर डब्याची जोखीम कशाला घ्यायची?

थंडाईतली खसखस मात्र स्पर्धेच्या आधी बंद करा. तिच्यात मॉर्फिनचे अंश असू शकतात, मॉर्फिनवर स्पर्धेच्या काळात बंदी आहे आणि लघवीत ठरावीक मर्यादेपुढे ते सापडलं तर नमुना सदोष ठरतो. निदान शेवटचे तीन-चार दिवस बदाम, बडीशेप आणि मिरी एवढ्यावरच थंडाई करा. भांगेची थंडाई तर कधीच नको. तिचे अंश लघवीत दीर्घकाळ राहतात.

थोडक्यात विचारलेले प्रश्न

*व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया जातं का?* नाही. दिवसाची एकूण बेरीज महत्त्वाची. ती तीन-चार जेवणांत २० ते ४० ग्रॅम अशी वाटून घेतली की झालं. उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांनी तासा-दोन तासांत काहीतरी खावं.

*सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात का?* आहारातल्या प्रमाणात नाही. पुरुषांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक आढळला नाही.

*कोलाजेन पावडर चालेल का?* स्नायूंसाठी नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, ल्यूसिनही थोडंच. शिवाय ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी असाल तर तपकिरी खूण बघा.

*नवरात्रात नऊ दिवस उपास आणि जिम दोन्ही चालू असतं. काय करू?* साबुदाण्यावर राहू नका, त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम असतात, शेंगदाण्यात २५. राजगिऱ्याच्या दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची आमटी, अर्धा लिटर दूध-दही आणि १०० ग्रॅम पनीर एवढ्यात दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास होतात. व्हे दुधाचंच असल्याने काही जण उपासाला घेतात, पण बहुतेक पावडरींत सोया लेसिथिन असतं. ते तुमच्या घरी चालत नसेल तर लेबल आधी वाचा. या नऊ दिवसांत वजनं नेहमीपेक्षा कमी उचला आणि पाण्याबरोबर चिमूटभर सैंधव घ्या.